सॅंटा क्लॅरामध्ये गरिबी ७ टक्के, शेजारच्या मर्सेडमध्ये १९ टक्के, मग मदत कुठे पाठवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कॅलिफोर्नियात सॅन होजेला, म्हणजे सॅंटा क्लॅरा काउंटीत राहतात (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग), दिवाळीच्या आसपास त्यांचा मित्रांचा ग्रुप अन्नदानासाठी पैसे गोळा करतो, यंदा कुणीतरी सेन्ससच्या, म्हणजे अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या साइटवरून काउंटीवार गरिबीचे आकडे काढले. सॅंटा क्लॅरा साधारण ७ टक्के, मर्सेड साधारण १९. मग ग्रुपमध्ये वाद सुरू झाला की आपल्याकडे गरिबी नाहीच मुळी, सगळे पैसे मर्सेडला पाठवू. शिवाय सॅन बेनिटोचा आकडा सॅंटा क्रूझपेक्षा कमी दिसतोय, म्हणजे तिथे लोकांचं बरं चाललंय असं समजायचं का, हेही विचारलंय.

मी गेली बरीच वर्षं इथल्या काउंट्या आणि संस्थांच्या ग्रँट अर्जांसाठी हाच डेटा बघते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुमचे आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत. कुठलं वर्ष घेतलं आणि कुठला टेबल उघडला यावर एखाद-दोन टक्के इकडेतिकडे होतात, पण चित्र तेच राहतं: सॅन मटेओ आणि सॅंटा क्लॅरा सगळ्यात खाली, अलामीडा जरा वर, सॅंटा क्रूझ त्याच्याही वर, स्टॅनिस्लॉस बरंच वर आणि मर्सेड सगळ्यात वर. प्रश्न आकडा खरा की खोटा हा नाहीच. हा आकडा नेमकं काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे कळल्याशिवाय दोन शेजाऱ्यांची तुलना करून पैसे कुठे द्यायचे ते ठरवता येत नाही, खरी अडचण ती आहे.

आधी ती रेषा बघू. अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा १९६३-६४ मध्ये सोशल सिक्युरिटी खात्यातल्या मॉली ऑर्शान्स्की या अर्थतज्ज्ञ बाईंनी मांडली. त्यांनी काटकसरीच्या आहाराचा खर्च घेतला आणि त्याला तीनने गुणलं, कारण त्या वेळच्या पाहणीप्रमाणे कुटुंबाच्या उत्पन्नातला साधारण तिसरा हिस्सा जेवणावर जात होता. त्यानंतर दरवर्षी महागाईप्रमाणे ती रेषा वर सरकवतात, हिशोबाचा पाया मात्र तोच आहे. २०२३ साली आई, बाबा आणि दोन मुलं अशा चौघांसाठी ही रेषा ३०,९०० डॉलर होती. आणि आता महत्त्वाचं, ही रेषा सगळ्या देशाला एकच आहे. मिसिसिपीच्या खेड्यात ३०,९००, मर्सेडला ३०,९०० आणि सनीव्हेललाही ३०,९००! घरभाडं कितीही असो, रेषा हलत नाही.

आता त्याच २०२३ मध्ये घरांच्या सरकारी योजनांसाठी केंद्राचं हाउसिंग खातं काय म्हणत होतं बघा. सॅंटा क्लॅरा काउंटीत चौघांच्या कुटुंबाचं मध्यम उत्पन्न त्यांनी १,८१,३०० डॉलर धरलं होतं आणि 'लो इन्कम'ची मर्यादा १,३७,१०० डॉलर होती. म्हणजे एका खात्याच्या मते सव्वा लाख कमावणारं कुटुंब कमी उत्पन्नाचं, आणि दुसऱ्या खात्याच्या मते ३१ हजार कमावणारं कुटुंब गरीब नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघं वेगळ्या गोष्टी मोजतायत. पण तुमच्या ग्रुपने उघडला तो टेबल ३०,९०० वाला आहे हे डोक्यात ठेवा.

यातून काय होतं ते एका घराच्या हिशोबाने सांगते. २०२३ मध्ये सॅन होजे शहराचं किमान वेतन तासाला १७ डॉलर होतं. समजा एक जण वर्षभर पूर्णवेळ काम करतो, म्हणजे २,०८० तास, तर झाले ३५,३६० डॉलर. बायको घरी लहान मुलांना सांभाळते, दोन मुलं. हे कुटुंब अधिकृत आकड्यात गरीब नाही! आता हा माणूस राहतो कुठे तर ईस्ट सॅन होजेत एका बेडरूममध्ये, नाहीतर भावाच्या कुटुंबाबरोबर एकाच अपार्टमेंटमध्ये. आणि भावाबरोबर राहत असेल तर गंमत अजून वाढते, कारण सेन्ससच्या व्याख्येत रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याने एका घरात राहणारे सगळे मिळून एक कुटुंब. दोघा भावांचे पगार एकत्र ७०,७२०, घरात सात माणसं, रेषेच्या कितीतरी वर. दोन कुटुंबं परवडत नाही म्हणून एकत्र आली आणि कागदावर सुखवस्तू झाली.

आता पाचेको पासचा घाट ओलांडून पलीकडे मर्सेडला या. तिथे २०२३ मध्ये राज्याचं किमान वेतन लागू, तासाला १५.५० डॉलर. बदाम, टोमॅटो, रताळी, डेअरी असा सगळा शेतीचा पट्टा. डेअरीचं काम बारमाही असतं पण पिकांचं हंगामी, बारा महिने चाळीस तास कुठून मिळणार. समजा वर्षाला १,६०० तास भरले, तर २४,८०० डॉलर. तेवढंच चौघांचं कुटुंब, आणि हे रेषेच्या खाली. तासाच्या दरात दीड डॉलरचा फरक आहे, पण एकाला रेषेखाली नेलं ते मुख्यतः कामाच्या तासांनी. मर्सेडमधली गरिबी बरीचशी अशी आहे: काम आहे, पण वर्षभर नाही. त्यात जुने घावही आहेत. अ‍ॅटवॉटरजवळचा कॅसल हवाई तळ १९९५ मध्ये बंद झाला आणि पक्क्या पगाराच्या नोकऱ्या गेल्या, मग २००८ च्या घरांच्या संकटात मर्सेड, मोडेस्टो, स्टॉकटन हा सगळा पट्टा देशात सगळ्यात जास्त पोळलेल्यांपैकी होता. यूसी मर्सेड (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा तिथला कॅंपस) २००५ ला सुरू झालं, त्याने शहराला आधार मिळतोय, पण एका विद्यापीठाने सगळ्या काउंटीचं उत्पन्न बदलत नाही. म्हणून मर्सेडचा मोठा आकडा खरा आहे, त्यात फसवणूक काही नाही. तिथे रोख पैशाचीच चणचण आहे. सॅंटा क्लॅरामध्ये पैसा हातात येतो पण भाड्यात जातो, आणि अधिकृत रेषेला भाडं दिसत नाही.

हे भाडं धरून मोजायची पद्धत आहे. सेन्सस २०११ पासून सप्लिमेंटल पॉव्हर्टी मेझर काढतं, त्यात भागाप्रमाणे घरखर्च बदलतो, फूड स्टँप (अन्नासाठीची सरकारी मदत) आणि टॅक्स क्रेडिट (टॅक्समधली सवलत) उत्पन्नात धरतात, टॅक्स, कामावर जायचा-यायचा खर्च, औषधपाणी वजा करतात. देशपातळीवर २०२३ ला अधिकृत दर ११.१ टक्के होता आणि हा दुसरा १२.९ टक्के. कॅलिफोर्नियाचं चित्र तर पूर्ण पालटतं, अधिकृत मापाने हे राज्य देशाच्या सरासरीच्या आसपास आणि दुसऱ्या मापाने देशात सगळ्यात वरच्या राज्यांत. पण हे माप काउंटीवार दरवर्षी मिळत नाही, त्यासाठी आपल्याकडे पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड मिळून कॅलिफोर्निया पॉव्हर्टी मेझर काढतात, छोट्या काउंट्या एकत्र करून का होईना पण काउंटीवार आकडे असतात. ते उघडून बघाच. किनाऱ्याजवळच्या महागड्या काउंट्या वर चढतात आणि सेंट्रल व्हॅलीशी, म्हणजे मर्सेडकडच्या शेतीच्या पट्ट्याशी असलेलं अंतर बरंच कमी होतं. तुमच्या ग्रुपमध्ये "आपल्याकडे गरिबी नाहीच" म्हणणारे जे कुणी आहेत त्यांना आधी हे दाखवा.

दुसरा मुद्दा टक्के आणि माणसं. हा मुद्दा लोक फार पटकन विसरतात आणि मला त्याचा दर वेळी त्रास होतो, कारण पोट टक्क्याला नसतं, माणसाला असतं. सॅंटा क्लॅराची लोकसंख्या साधारण १९ लाख, त्याचे ७ टक्के म्हणजे सुमारे १ लाख ३३ हजार माणसं. मर्सेडची लोकसंख्या साधारण २ लाख ८० हजार, त्याचे १९ टक्के म्हणजे सुमारे ५३ हजार. म्हणजे भाड्याचा विचार बाजूला ठेवून, त्याच कडक ३०,९०० वाल्या रेषेने मोजलं तरी गरीब माणसं सॅंटा क्लॅरामध्ये मर्सेडच्या दुपटीहून जास्त आहेत! आणि रेषेच्या जरा वर असलेले ते सॅन होजेतले भाऊ यात धरलेलेच नाहीत. सॅंटा क्लॅरा आणि सॅन मटेओ या दोन काउंट्यांसाठी काम करणारी सेकंड हार्वेस्ट ऑफ सिलिकॉन व्हॅली ही फूड बँक अलीकडे महिन्याला साधारण ५ लाख लोकांना अन्न देत असल्याचं सांगते. दोन्ही काउंट्यांतले अधिकृत गरीब एकत्र केले तरी दोन लाखांच्या आसपासच भरतात. उरलेले लोक कोण, तर रेषेच्या वरचे पण महिनाअखेरीला फ्रिज रिकामा असलेले.

मग टक्क्यांचा उपयोग काय? आहे, फार आहे. टक्का जास्त असतो तिथे आजूबाजूला मदत करणारेही कमी असतात. देणगीदार कमी, मोठ्या कंपन्या नाहीत, मॅचिंग डोनेशन (कर्मचाऱ्याने दिलं तेवढंच कंपनीनेही देणं) नाही, शहराचा टॅक्सचा पायाच छोटा. सॅन होजेत गरीब माणसापासून चार मैलांवर पैसेवाला आहे, निदान शक्यता तरी आहे. मर्सेड काउंटीतल्या प्लॅनाडासारख्या शेतमजुरांच्या गावात, जिथे जानेवारी २०२३ मध्ये पूर आला आणि घरंच्या घरं पाण्यात गेली, तिथे शेजारीही तितकाच अडलेला असतो. म्हणून मी टक्का बघते ते एका डॉलरला तिथे किती कमी पर्याय आहेत हे कळण्यासाठी, आणि संख्या बघते ते गरज केवढी हे कळण्यासाठी. दोन्हीपैकी एकच बघून निर्णय घेऊ नका.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि जे कुठल्याच टेबलात लिहिलेलं नसतं ते सांगते. शेजारी काउंट्यांचे आकडे एकमेकांपासून सुटे नसतात. माणूस कमावतो एका काउंटीत, पण मोजला जातो तो झोपतो त्या काउंटीत. पहाटे चार-साडेचारला लॉस बॅनोसहून हायवे १५२ वरून गिलरॉय, सॅन होजेकडे येणाऱ्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. इमारती बांधणारे, ऑफिसं झाडणारे, किचनमध्ये भांडी घासणारे, सिक्युरिटीवाले, यांतल्या कित्येकांना सॅंटा क्लॅरामध्ये घर परवडलं नाही म्हणून ते लॉस बॅनोस, पॅटरसन, हॉलिस्टरला गेले. सॅंटा क्लॅराचा टक्का कमी असण्यामागे नुसती श्रीमंती नाहीये, ज्यांना झेपत नाही ते काउंटीची हद्द ओलांडून जातात हेही आहे. ते गेले की आपला आकडा सुधारतो आणि कुणाचंच भलं झालेलं नसतं.

उलटीकडूनही परिणाम होतो. जे रोज ये-जा करून बे एरियाचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेकडचा पगार आणतात ते मर्सेड काउंटीचा आकडा खाली ओढतात. त्यामुळे काउंटीचा पश्चिम भाग, लॉस बॅनोसकडचा, आणि पूर्वेकडची शेतमजुरांची वस्ती यांत बराच फरक पडतो आणि काउंटीची सरासरी दोघांचंही नीट सांगत नाही. आपल्याकडेही तसंच, श्रीमंत साराटोगा आणि ईस्ट सॅन होजे एकाच काउंटीत आहेत, सॅन मटेओमध्ये ईस्ट पालो आल्टो आणि श्रीमंत अ‍ॅथर्टन एकाच काउंटीत. म्हणून काउंटीवर थांबू नका, सेन्सस ट्रॅक्ट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेल्या छोट्या वस्त्यांच्या पातळीवर जा, मोफत नकाशे आहेत, दहा मिनिटांत दिसतं.

आता सॅन बेनिटो आणि सॅंटा क्रूझ. इथे दोन वेगळ्या भानगडी आहेत.

पहिली भानगड नमुन्याची. काउंटीचे हे आकडे बहुतेक वेळा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेमधून येतात, तो सर्व्हे आहे, घरोघरची मोजणी नाही. एका वर्षाचे आकडे फक्त ६५ हजार किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या भागांसाठी काढतात, बाकीच्यांसाठी पाच वर्षं एकत्र करतात. २०२० च्या जनगणनेत सॅन बेनिटोची लोकसंख्या होती ६४,२०९, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. त्यामुळे होतं काय की सॅंटा क्लॅराचा एका वर्षाचा आकडा आणि सॅन बेनिटोचा पाच वर्षांचा आकडा शेजारी शेजारी ठेवले जातात, आणि पाच वर्षांच्या आकड्यात कोविडचा काळही मिसळलेला असतो. तुलना करायची तर सगळ्या काउंट्यांचे पाच वर्षांचेच घ्या, आणि काळ बदलला का हे बघायचं तर २०१४-१८ ची तुलना २०१९-२३ शी करा, एकमेकांत अडकलेली वर्षं घेऊ नका. नाहीतर सेन्ससचाच सेपी (SAIPE) म्हणून दुसरा अंदाज असतो, तो टॅक्सचा आणि फूड स्टँपचा डेटा मिसळून प्रत्येक काउंटीसाठी दरवर्षी काढतात, गरीब मुलांसाठी शाळांना मिळणारा टायटल वन या योजनेचा केंद्राचा पैसा वाटताना हाच वापरतात. छोट्या काउंटीसाठी मी आधी तो बघते.

आणि आकड्याशेजारी जो मार्जिन ऑफ एरर (अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ते) लिहिलेला असतो तो सोडून पुढे जाऊ नका. समजा, निव्वळ उदाहरणासाठी, एका काउंटीचा दर ८.४ टक्के, अधिक-उणे १.६, दुसरीचा १०.१, अधिक-उणे १.४. फरक दिसतो १.७. आता दोन्ही मार्जिनचे वर्ग करा, २.५६ आणि १.९६, बेरीज ४.५२, वर्गमूळ सुमारे २.१. फरक १.७ म्हणजे २.१ पेक्षा कमी, तर या दोन काउंट्यांत फरक आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. सॅंटा क्लॅरा आणि मर्सेडमध्ये फरक इतका मोठा आहे की हे गणित करायचीही गरज नाही, पण सॅन बेनिटोच्या बाबतीत करायलाच हवं.

दुसरी भानगड विद्यार्थ्यांची. डॉर्ममध्ये राहणारे विद्यार्थी गरिबीच्या हिशोबात घेतच नाहीत, पण बाहेर भाड्याने राहणारे घेतात. रूममेट एकमेकांचे नातेवाईक नाहीत म्हणून प्रत्येक जण स्वतंत्र, आणि एकट्या माणसाची रेषा २०२३ ला १५,८५२ डॉलर. एज्युकेशन लोन उत्पन्न धरत नाहीत. म्हणजे आपल्या पुण्या-नाशिकहून सॅन होजे स्टेटला एमएस करायला आलेली आणि चौघं मिळून दोन बेडरूममध्ये राहणारी मुलं, कॅंपसवरच्या जॉबचे थोडेसे पैसे सोडले तर उत्पन्न नाही, ती सर्व्हेत आली तर गरीब म्हणूनच मोजली जातात. सेन्ससनेच एकदा अशी ऑफ कॅंपस मुलं वगळून हिशोब केला होता, २००९-११ च्या आकड्यांत देशाचा दर १५.२ वरून १४.५ वर आला. सगळ्या देशाचा दर एवढा हलतो तर पावणेतीन लाख वस्तीच्या सॅंटा क्रूझमध्ये यूसीचे हजारो विद्यार्थी केवढा फरक पाडत असतील विचार करा. १९ लाखांच्या सॅंटा क्लॅरामध्ये हाच परिणाम विरून जातो. तरीपण याचा अर्थ विद्यार्थ्यांची अडचण खोटी असा घेऊ नका, उपाशी झोपणारी मुलं कॅंपसवर असतात आणि फूड पॅंट्री तिथेही लागते. फक्त वॉट्सनव्हिलमधल्या स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या कुटुंबाची गरिबी आणि ही गरिबी एका आकड्यात घालून शेजाऱ्याशी तुलना करता येत नाही.

यावर सोपा उपाय आहे. विद्यापीठ असलेल्या काउंटीची तुलना करताना एकूण दर बाजूला ठेवा आणि १८ वर्षांखालच्या मुलांचा दर बघा, सेपीमध्ये तो वेगळा दिलेला असतो. मुलं कुटुंबातच असतात, रूममेटवाला गोंधळ तिथे येत नाही.

म्हणजे तुम्ही काय करावं असं विचाराल, तर हे तुमची रक्कम किती आणि कुणाशी ओळख आहे यावर अवलंबून आहे. ग्रुपमध्ये कंपनीचं मॅचिंग मिळणारे बरेच जण असतील तर आधी दोन्हीकडच्या फूड बँकांची नावं कंपनीच्या यादीत आहेत का बघा, कारण दुप्पट झालेली रक्कम सगळ्या टक्केवारीपेक्षा जास्त कामाची. तुमच्या जागी मी असते तर सगळं मर्सेडला दिलं नसतं आणि सगळं इथेही ठेवलं नसतं. मोठा हिस्सा मर्सेड काउंटीच्या फूड बँकेला, कारण तिथे देणारे कमी आहेत, आणि तोही शक्यतो हिवाळ्यात, डिसेंबर ते मार्च, जेव्हा शेतातलं काम थांबतं आणि पगार येत नाही. तुमचा दिवाळीचा फंड त्या वेळेला अगदी बरोबर पोचतो. उरलेला इथे, आणि इथे पैशाइतकीच माणसांची गरज असते, शनिवारी सकाळी जाऊन बटाटे-कांदे पिशव्यांत भरायला. हॉलिस्टरला द्यायचं असेल तर सॅन बेनिटोचा कमी टक्का बघून मागे हटू नका, छोटी काउंटी आहे, आधी तिथल्या पॅंट्रीला फोन करून या महिन्यात काय कमी पडतंय ते विचारा. गेल्या वर्षीपेक्षा किती घरं वाढली हेही विचारा, तो आकडा सेन्ससकडे यायला अजून वर्ष-दीड वर्ष जाईल.